मोटारसायकलवाला मुखवटा: घरात लावावा की माळ्यावर टाकावा?

निशिगंधा_म

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण उत्तर इथंच मिळेल असं वाटतंय.

नवरा कामानिमित्त चार वर्षं लेगोसला होता. परत येताना तिथल्या लेकी भागातल्या हस्तकलेच्या बाजारातून एक लाकडी मुखवटा घेऊन आला. बाईचा चेहरा आहे. टपोरे डोळे, बुबुळांच्या जागी आरपार भोकं, दोन्ही गालांवर तीन-तीन उभ्या चिरा. इथवर ठीक. पण तिच्या डोक्यावर चक्क एक मोटारसायकल कोरलीय! पुढं टोपी घातलेला माणूस, मागं पाठीला मूल बांधलेली बाई. सगळं निळ्या, पांढऱ्या, लाल ऑइलपेंटनं रंगवलेलं. प्रवासात मोटारसायकलवाल्याचा एक हात मोडला, तो पिशवीत सापडला.

आता घरात तीन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, कुणाच्या तरी देवाचं सोंग आहे, दिवाणखान्यात नको. दीर म्हणतात फसवलंय दादाला, 'पारंपरिक' मुखवट्यावर मोटारसायकल कुठून येईल? आणि नवऱ्याला फक्त एवढंच माहीत की दुकानदारानं तो 'योरुबा' असल्याचं सांगितलं. मी तोंडाला लावून पाहिला तर बसतच नाही. नाक लाकडावर आपटतं आणि डोळ्यांची भोकं कपाळावर येतात.

काय आहे हे नक्की? आणि लावावा का?

दीडशहाणा

पहिला!

बिनधास्त लावा. दारावर लावलात तर कुरिअरवालाही विचारून आत येईल.

खडूस_काकू

सासूबाईंचं बरोबर आहे. आपल्याला ज्याचं सोवळं-ओवळं माहीत नाही ते घरात आणू नये. शोभेची वस्तू म्हणून दुसऱ्याचा देव टांगणं मला तरी बरं वाटत नाही.

कुंचला

मुखवट्याचा फोटो टाका की. बाकी आफ्रिकन मुखवट्यांचं मोल कळायला पिकासोनं १९०७ मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात जाऊन ते बघावे लागले. तिथून आधुनिक चित्रकलेचा रस्ताच बदलला. त्यामुळे दिवाणखान्यात मानानं लावा.

लेगोसवाला_बंड्या

कुंचला, पिकासोला जरा बाजूला ठेवू. ज्यांनी ते मुखवटे कोरले त्यांना मोल ठाऊकच होतं की!

निशिगंधाताई, फोटो नसला तरी वर्णनावरून पक्कं सांगतो, हे 'गेलेदे' आहे. मी सहा वर्षं त्या भागात काढलीत. तो तोंडावर घालायचाच नसतो, म्हणून बसत नाही. टोपीसारखा डोक्यावर घालतात, किंचित पुढं कलता. खालून पातळ कापड सोडतात आणि नाचणारा त्या कापडातून बघतो. खालच्या कडेला बारीक भोकं आहेत का बघा, कापड तिथंच बांधतात.

हा योरुबा लोकांचा उत्सव. नायजेरियाचा नैऋत्य भाग आणि सीमेपलीकडचा बेनिन देश, विशेषतः केतू गावाचा परिसर. तो असतो बायकांसाठी. 'आवोन इया वा' म्हणजे 'आपल्या आया'. यात म्हाताऱ्या बायका आल्या, वारलेल्या आज्या-पणज्या आल्या आणि देवताही आल्या. समजूत अशी की या आयांकडे एक शक्ती असते. ती प्रसन्न असली तर पाऊस, पीक, मूलबाळ सगळं सुरळीत. बिनसली तर गावाचं काही खरं नाही. तेव्हा पुरुष बाईचा वेश करून, छाती-नितंब बांधून, त्यांना रिझवायला नाचतात. मुखवटे बहुतेक जोडीनं असतात, दोन नाचे एकसारखे पोशाख करून येतात. ताई, तुमच्याकडं एकच आलाय.

आता दिरांची शंका. खालचा चेहरा नेहमी शांत, कारण भारदस्त बाईनं कसं असावं ते तो दाखवतो. खरी बोलाचाली वरच्या भागात. तिथं काय कोरायचं याला बंधन नाही. पक्ष्याला पकडणारा साप असतो, बाजारात बसलेली बाई असते, कुराण वाचणारा असतो, शिलाई मशीन असतं, विमानही असतं. गावात ज्याची चर्चा, ते डोक्यावर. मोटारसायकल हा तर अगदी रुळलेला विषय, तिकडं मोटारसायकलीच टॅक्सीसारख्या चालतात. तुमच्या दिरांना सांगा, फसवणूक नाही.

जव्हारकर

बंड्याभाऊ, हे वाचून आमचा बोहाडा आठवला. आमच्याकडं जव्हार-मोखाड्याला कागदाच्या लगद्याची सोंगं असतात. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं. वर्षभर सोंग माळ्यावर निमूट पडलेलं असतं, पोरं त्यावरून उड्या मारतात. बोहाड्याच्या दिवशी रंग देऊन, पूजा करून बाहेर काढलं आणि संबळ वाजू लागला की त्याच सोंगापुढं तीच पोरं हात जोडतात.

म्हणून विचारतो, तिकडं मुखवट्यात देव कायमचा असतो की नाचापुरता?

लेगोसवाला_बंड्या

जव्हारकर, नेमका प्रश्न. गेलेदेच्या बाबतीत सांगतो, बाकी ठिकाणचं वेगळं असतं. लाकूड म्हणजे सगळा गेलेदे नव्हे. कापड, पायातले लोखंडी वाळे, ढोल, गाणारा, बघणारे, सगळं मिळून ते होतं. एकटा मुखवटा म्हणजे लग्न झाल्यावर कोनाड्यात पडलेल्या मुंडावळ्या. दर मोसमाला पुन्हा रंगवतात, वाळवी लागली तर नवा कोरतात. जुना जपून ठेवायचा हट्ट त्यांचा नाही, आपला आणि संग्रहालयांचा.

नाच मी एकदाच पाहिला. धुळीत उभा होतो, उन्हं उतरलेली. मुख्य ढोलवाला एक वाक्य वाजवतो. वाक्यच म्हणतो मी, कारण योरुबात सुरांचे तीन स्तर आहेत आणि त्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो, म्हणून ढोल अक्षरशः बोलतो. नाचणारा ते वाक्य पायातल्या वाळ्यांनी जसंच्या तसं परत म्हणतो. चुकला तर म्हाताऱ्या बायका हसतात. माझ्या शेजारची एक आजी एका नाच्यावर अशी काही वैतागली की पुढं होऊन स्वतःच दोन पावलं टाकून दाखवली. योरुबात म्हण आहे, ज्या डोळ्यांनी गेलेदे पाहिलं, त्यांनी बघण्याचा शेवट पाहिला.

दीडशहाणा

पायानं वाक्य म्हणतात! आमच्या हापिसात तोंडानंही धड जमत नाही.

पुस्तककिडा

बंड्या, एफे राहिलं की! साहित्याच्या अंगानं तेच महत्त्वाचं.

गेलेदेच्या आदल्या रात्री 'एफे' असतो. या शब्दाचा अर्थच थट्टा-विनोद. मुखवटा घातलेला गायक मध्यरात्रीच्या सुमारास येतो, आधी देवांना आणि आयांना वंदन करतो, मग गावाची हजेरी घ्यायला लागतो. कुणी लाच खाल्ली, कुणी सावत्र पोरांना उपाशी ठेवलं, कुठला पुढारी निवडणुकीपुरता गावात उगवला. मुखवट्याआडून बोलतोय म्हणून कुणी राग धरायचा नाही. गाणी पुढं वर्षभर बाजारात गुणगुणली जातात. ज्याच्यावर रचलंय त्यानं तोंड कुठं लपवायचं?

मौखिक म्हटलं की आपल्याला वाटतं अडाणी, अधांतरी. इफा घ्या. योरुबांची ही दैवी कौलाची पद्धत. तिच्यात २५६ 'ओदू' म्हणजे अध्याय आणि प्रत्येकात शेकडो पद्यं. बाबालावो, म्हणजे ते जाणणारा, कोवळ्या वयापासून वर्षानुवर्षं ती पाठ करतो. पोफळीसारख्या ताडाची सोळा फळं हातात घोळवून पाटीवरच्या भुकटीत खुणा करायच्या, निघेल तो अध्याय म्हणायचा. पद्यांत इतिहास, औषधं, प्राण्यांच्या गोष्टी, संसाराचे सल्ले सगळं येतं.

मालीचे विद्वान आमादू हांपाते बा यांनी १९६० मध्ये युनेस्कोत जे म्हटलं त्याचा सारांश असा की आफ्रिकेत म्हातारा माणूस वारला की एक न वाचलेलं ग्रंथालय जळतं.

अर्धवट_पुणेकर

सगळं छान, पण हे लिहून का ठेवलं नाही हा प्रश्न उरतोच. पाठांतरावर विसंबून राहिलं की पाठभेद होणार, भर पडणार. मग खरं कोणतं?

पुस्तककिडा

अहो, ओव्या कोणी कुठं लिहून ठेवल्या होत्या? जात्यावर बसलेल्या बाईला पाठभेद विचारून बघा.

शिवाय 'लिहिणं' म्हणजे कागदच कशाला? काँगोतल्या लुबा लोकांची 'लुकासा' बघा. हातात धरता येईल एवढी लाकडी फळी, तिच्यावर मणी आणि शिंपले ठोकलेले. तिच्यावरून बोट फिरवत जाणकार माणूस राजांच्या वंशावळी, स्थलांतरं, दरबारातल्या जागा सांगतो. एकच फळी, पण सांगणारा, प्रसंग आणि ऐकणारा बदलला की कथनही बदलतं. तुमचं 'खरं कोणतं' त्यांना विचारलंत तर ते विचारतील, कोणासाठी?

अर्धवट_पुणेकर

हे वकिली उत्तर झालं. पण फळी आवडली.

हबशी_महालातून

मलिक अंबरही आफ्रिकेतूनच आलेला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानंच वसवलं. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींकडंही अशा काही कला असणार. कोणी लिहा.

लेगोसवाला_बंड्या

मलिक अंबर इथिओपियाचा. तिथून लेगोस म्हणजे अख्खं खंड आडवं पार करायचं. आफ्रिका हा देश नाही हो, ५४ देश आहेत. स्वीडनच्या कलेवर बोलताना कोणी 'आमच्या शेजारी एक इटालियन राहायचे' म्हणतं का?

हबशी_महालातून

चावता कशाला राव. माहितीत भर टाकली.

मोंबासाची_मावशी

भांडू नका रे. पूर्वेकडचं मी सांगते, माझी तीस वर्षं तिकडं गेली.

तुमच्याकडं मुखवटा टोमणे मारतो, आमच्याकडं कापड मारतं. कांगा म्हणजे दोन तुकड्यांची सुती जोडी. एक कमरेला, एक डोक्या-खांद्यावर. चारी बाजूंनी काठ, मधे नक्षी आणि तळाशी स्वाहिलीत छापलेलं एक वाक्य. त्या वाक्याला 'जिना' म्हणतात, म्हणजे नाव. बायका रंग नंतर बघतात, आधी वाक्य वाचतात. मोंबासात १८८७ पासून कांगा विकणारं एक घराणं आहे, मूळचं आपल्या कच्छ-गुजरातकडचं. पुढं कित्येक वर्षं कांगा छापून यायचे तेसुद्धा भारतातून.

माझ्या शेजारणीच्या घरी नणंद येऊन राहिली ती हलेना. एक दिवस शेजारीण कांगा नेसून अंगणात झाडायला लागली. मला म्हणाली, वाच. लिहिलं होतं, 'म्गेनी सिकु म्बिली, सिकु या ततू म्पे जेंबे.' पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ दे! नणंदेनं वाचलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून स्वतः एक कांगा घेऊन आली, त्यावर शांतपणे 'हराका हराका हैना बराका' छापलेलं. घाईला बरकत नाही. आणि राहिली अजून दोन आठवडे.

थोरली_सून

मावशी, हसून हसून पुरेवाट. हा कांगा मला कुठं मिळेल? पत्ता द्या.

खडूस_काकू

मलाही. तो कुदळीचा.

ओतारी_आळी

आमचं घराणं ओतकामातलं, म्हणून जरा धातूकडं वळतो. वर बंड्यानं बेनिन देशाचा उल्लेख केलाय. ते जगप्रसिद्ध 'बेनिन ब्राँझ', म्हणजे धातूची ओतीव डोकी आणि फळ्या, तिथलेच ना?

लेगोसवाला_बंड्या

नाही, आणि हा गोंधळ जवळपास सगळ्यांचा होतो. बेनिन नावाचा देश १९७५ पर्यंत दाहोमे होता. ब्राँझवालं बेनिनचं राज्य एदो लोकांचं, त्याची राजधानी बेनिन सिटी आज नायजेरियात आहे. शिवाय त्यातलं बरंचसं ब्राँझ नाहीच, पितळ आहे. पोर्तुगीज व्यापारी पितळी कडी आणायचे, ती वितळवून ओतलेलं.

तुमच्या धंद्यातलं सांगतो. बेनिन सिटीत इगुन नावाची गल्ली आहे, ओतारी आळीच म्हणा. पूर्वी ते फक्त राजासाठी, म्हणजे 'ओबा'साठी ओतायचे. आजही तीच घराणी. मी एका अंगणात दुपारभर बसलो होतो. मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, मेणात बारीक कोरीवकाम. मग मातीचं लिंपण, वाळवायचं, भट्टीत घालून मेण गाळून काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. पितळ कशाचं, तर भंगारातल्या नळांच्या तोट्यांचं! साचा फोडला तेव्हा आतलं डोकं काळं-राखाडी निघालं, एका कानाजवळ हवेचा फुगा राहून खड्डा पडलेला. म्हातारा ओतारी पोराकडं नुसतं बघत राहिला. पोरानं ते उचलून पुन्हा भंगारात टाकलं.

ओतारी_आळी

तो फुगा म्हणजे साच्याला वाफ जायला वाट कमी ठेवली. आमच्या आजोबांनी बघत राहण्याऐवजी कानाखाली दिली असती.

पद्धत आपल्याकडचीच म्हणा की. बस्तरचे ढोकरा कारागीर हेच करतात. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातल्या ग्रंथात मेणाच्या साच्याची कृती दिलेली आहे. पण माझा प्रश्न वेगळा. राजा ही डोकी करून घेत होता ती कशाला? सजावटीला?

लेगोसवाला_बंड्या

नाही. राजा वारला की नव्या राजानं त्याच्या नावाची वेदी उभारायची आणि त्याचं पितळी डोकं ओतून तिच्यावर ठेवायचं. डोक्यावर भोक असतं, त्यात कोरलेला अख्खा हस्तिदंत उभा करायचा. पितळी कोंबडे असतात ते राजमातांच्या वेदीवरचे. आणि पितळी फळ्या राजवाड्याच्या खांबांवर ठोकलेल्या असायच्या, त्यांवर दरबारी, शिपाई, पोर्तुगीज सगळे. एदो भाषेत 'आठवणं' यासाठी एक शब्द आहे, 'सा-ए-य-आमा'. त्याचा शब्दशः अर्थ धातूत आकृती ओतणं.

आता सांगा, १८९७ मध्ये इंग्रजांनी चढाई करून शहर जाळलं, ओबा ओव्होन्राम्वेनला कालाबारला हद्दपार केलं आणि हजारो वस्तू उचलून नेऊन मोहिमेचा खर्च भागवायला विकल्या, तेव्हा नेमकं काय नेलं? दागिने नेले नाहीत, बखर पानंपानं सुटी करून नेली. कुठली फळी कुठल्या खांबावर कुणाशेजारी होती हा क्रमच गेला.

अर्धवट_पुणेकर

इथं मात्र शंभर टक्के सहमत.

कुंचला

आणि नेल्यावर युरोपात चर्चा काय, तर हे आफ्रिकन माणसाचं काम असणारच नाही, पोर्तुगिजांनी शिकवलं असणार. इफे या योरुबांच्या जुन्या शहरातली ती अप्रतिम मानवी डोकी १९१० मध्ये फ्रोबेनियस नावाच्या जर्मन अभ्यासकाच्या हाती लागली, तर त्यानं थेट बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीकांपर्यंत मजल मारली! समोर योरुबा माणूस उभा, पण श्रेय समुद्रात बुडालेल्यांना.

(पिकासोबद्दलचं माझं वाक्यही थोडंफार त्याच जातीचं होतं. बंड्या, मान्य.)

दीडशहाणा

मग परत करत का नाहीत? आपलीच वस्तू चोरानं आपल्याला उसनी द्यावी, वर बजावावं की खरकटी करू नका. वाघनखं आणलीच ना आपण तीन वर्षांच्या बोलीवर.

सातारी_कंदी

वाघनखं मी साताऱ्यात रांगेत उभं राहून पाहिली. तुलना करताना जरा सांभाळून. लंडनच्या संग्रहालयाच्या नोंदीप्रमाणे ती ग्रँट डफला पेशव्यांच्या कारभाऱ्यानं दिलेली, आणि ती महाराजांचीच का यावर वाद आहे. घानातल्या असांते लोकांचं सोनं १८७४ च्या लढाईत कुमासी शहरातून सरळ लुटलेलं. पण गंमत बघा, वाघनखं आली त्याच २०२४ सालात त्याच संग्रहालयानं आणि ब्रिटिश म्युझियमनं मिळून असांतेंच्या ३२ वस्तू कुमासीच्या राजवाडा-संग्रहालयाला दिल्या, त्याही तीन वर्षांच्या उसनवारीवर. कारण तिथला कायदा कायमचं द्यायला आडवा येतो. बाकीच्यांनी मात्र दिल्या आहेत. जर्मनीनं २०२२ मध्ये बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावावर केली, नेदरलँड्सनं २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या.

अर्धवट_पुणेकर

परत गेल्यावर कुणाकडं? सरकारकडं की राजाकडं?

लेगोसवाला_बंड्या

तिथंच घोडं पेंड खातं. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी मालकी ओबाची असल्याचं जाहीर केलं, तेव्हा युरोपातल्या काही संग्रहालयांनी हात आखडता घेतला. मला विचाराल तर डोकी वेदीवरची, वेदी राजाच्या घरची. परत करणाऱ्यानं कुठं ठेवायची ते ठरवू नये. पण माझे तिथले काही मित्र याच्या बरोबर उलट बोलतात, त्यांना वस्तू राजवाड्याच्या भिंतीआड नको आहेत.

थोरली_सून

खूप दिवस नुसती वाचते आहे, आज लिहिते.

लंडनला मुलाकडं गेले होते तेव्हा काचेच्या कपाटात वीतभर उंचीच्या लाकडी बाहुल्यांची जोडी पाहिली. 'इबेजी' लिहिलं होतं. बंड्यादादांना ठाऊक असेल. योरुबा लोकांत जुळी फार होतात, जगात सर्वांत जास्त म्हणतात तिथं. जुळ्यांपैकी एक गेलं तर त्याची बाहुली करून घेतात, कारण दोघांचा जीव एकात एक असतो. आई तिला न्हाऊ घालते, लाल भुकटी चोळते, दुसऱ्याला भरवताना तिलाही भरवते, मणी घालते. मी पाहिली त्यातल्या एकीचं नाक-डोळे काहीच उरलं नव्हतं. रोज हात फिरून फिरून चेहरा गुळगुळीत झालेला, नदीतल्या गोट्यासारखा. शेजारी एकजण आपल्या मुलीला म्हणाला, ही खराब झालीय.

माझ्या सासूबाईंच्या देवघरात एक नखाएवढा चांदीचा टाक होता. त्यावरची आकृती पुसलेली. लग्नानंतर वर्षभर मी देव म्हणूनच त्याला पाणी घालत होते. मग कळलं, आमच्या ह्यांच्या आधी गेलेल्या मुलाचा तो.

निशिगंधा_म

ताई...

लेगोसवाला_बंड्या

थोरल्या सूनबाई, त्या जुळ्यांची नावंही ठरलेली असतात. आधी येतो तो ताइवो, मागून येतो तो केहिंदे. पण थोरला मानतात केहिंदेला. त्यानं ताइवोला पुढं पाठवलेलं असतं, जा, जग कसं लागतं ते चाखून ये म्हणून.

पुस्तककिडा

यावर काही लिहू नये असं वाटत होतं, पण भाषेचा मुद्दा राहू नये म्हणून थोडक्यात. हे सगळं ज्या भाषांत आहे त्यांत आधुनिक साहित्यही आहे. फागुन्वा यांनी १९३८ मध्ये योरुबात कादंबरी लिहिली, भुताखेतांच्या रानातल्या शिकाऱ्याची. पुढं १९६८ मध्ये नायजेरियाचेच लेखक सोयिंका यांनी तिचं इंग्रजी केलं. केनियाचे न्गुगी वा थिओंगो इंग्रजीत नाव कमावून गिकुयू या आपल्या मातृभाषेकडं वळले. १९७७ मध्ये कामिरिथू गावातल्या शेतकरी-मजुरांना घेऊन त्यांनी गिकुयू नाटक केलं, तर वर्षअखेरीस सरकारनं खटला न चालवता तुरुंगात टाकलं. इंग्रजीत टीका केली तेव्हा चालत होतं, गावाला कळेल अशा भाषेत केली तर चाललं नाही. तुरुंगात त्यांनी संडासच्या कागदावर कादंबरी लिहिली, गिकुयूत. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

अर्धवट_पुणेकर

आणि नायजेरियाचे कादंबरीकार अचेबे? त्यांनी तर इंग्रजीतच लिहिलं.

पुस्तककिडा

लिहिलं, पण इंग्रजीला इग्बो या आपल्या मातृभाषेतल्या म्हणींच्या तेलात तळून. म्हण म्हणजे शब्दांना लावून खायचं पामतेल, असं त्यांच्या १९५८ च्या कादंबरीत येतंच. दोघांचा वाद जन्मभर चालला. आपल्याकडं तो वाद शाळाप्रवेशाच्या महिन्यापुरता चालतो.

दीडशहाणा

वाद चिघळून धाग्याचा काश्मीर होण्याआधी मूळ विषयावर या. ताई, मुखवटा कुठाय?

निशिगंधा_म

आहे, आहे. सांगते.

बंड्यादादांनी सांगितल्यावर कडा तपासल्या. बारीक भोकं आहेत, सगळीकडून सारख्या अंतरावर. आतून मात्र लाकूड कोरं, पांढरट. म्हणजे कुणी घातलेला नाही ना?

लेगोसवाला_बंड्या

बरोबर. वापरलेला असता तर आतून घामानं काळा पडला असता. विकायलाच केलेला आहे, पण करणाऱ्याला काम येतं, नाहीतर भोकांच्या भानगडीत तो पडला नसता. काही दुकानदार नव्या मुखवट्याला माती-बुटपॉलिश चोळून 'शंभर वर्षं जुना' म्हणून विकतात. तुम्हाला भडक रंगातला मिळाला हे प्रामाणिकपणाचं लक्षण. आणि खरोखर जुना असता तर संग्रहालय खात्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढताच आला नसता. मलासुद्धा विमानतळावर एका नव्याकोऱ्या स्टुलाचा कागद दाखवावा लागला होता.

खडूस_काकू

म्हणजे नाचलेला नाही, पूजलेला नाही. मग माझी हरकत मागे. जव्हारकरांच्या सोंगासारखा माळ्यावर पडलेला म्हणायचा.

जव्हारकर

काकू, माळ्यावर पडलेल्या सोंगालाही आम्ही पाय लागला तर नमस्कार करतो हां.

निशिगंधा_म

अपडेट. काल रात्री जेवताना सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. मोटारसायकलपाशी हसल्या, थोरल्या सूनबाईंच्या प्रतिसादाला उठून आत गेल्या. सकाळी बघते तर मुखवटा ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवलेला, मोटारसायकलवाल्याचा तुटलेला हात फेविकॉलनं चिकटवलाय आणि सुटू नये म्हणून वर दोऱ्याचे चार फेरे. म्हणाल्या, आयांसाठी आहे ना, मग माझ्या खोलीत लावा. आणि त्याला विचार, जोडीतला दुसरा कुठाय.

नवऱ्यानं दुकानदाराला व्हॉट्सअॅप केलाय. त्याचा फोटो आला आत्ताच. दुसऱ्यावरही मोटारसायकल आहे, पण चालवणारी बाई आहे आणि माणूस मागे बसलाय.

दीडशहाणा

सासूबाईंना माझा साष्टांग.

मोंबासाची_मावशी

दुसरा मागव गं. आणि दोघींना कांगा मी पाठवते. वाक्य मात्र मी निवडणार.

वाचनमात्र

धागा आवडला. लेकीच्या बाजारात घासाघीस कितपत चालते? पुढच्या महिन्यात जातोय.

लेगोसवाला_बंड्या

सांगेल त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू करा. दुपारी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही.